देवाच्या दारातली गंमत

(दिंडीच्या शंभराव्या वर्षाच्या सप्ताहात लोधिवली येथे देवळाच्या मंडपात केलेले बोलणे. जसे बोललो तसेच लिहून घेतले आहे.)

  



आम्ही चौथी शिकलेलो माणूस. भाताची शेती करतो आणि विठोबाचं नाव घेतो, या दोनच गोष्टी आम्हाला येतात. आमच्या आधी बोलणाऱ्यांनी दिंडीचा इतिहास सांगितला, परमार्थ सांगितला. आम्हाला सांगितलं, बुवा, तुम्ही काहीतरी हलकंफुलकं बोला. म्हणून आज कीर्तन नाही, निरूपण नाही. आज देवाच्या दारातली गंमत सांगायची. हलकंच सांगायला बसलोय, पण शेवटी थोडं जड होईल. तेव्हा कोणी उठून जाऊ नका.

आपली दिंडी माघीची. आषाढीला आपल्या खालापूर-कर्जतकडचा शेतकरी कुठं असतो? गुडघाभर चिखलात, लावणीला. आवण उपटायचं, मुठी बांधायच्या, बांध सांभाळायचा. देव म्हणाला ये, तरी जाता येत नाही. म्हणून आपल्या वाडवडलांनी माघी धरली. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की निघायचं. माघीत पाऊस नाही, अंगावर इरलं नाही, मान वर करून चालता येतं. आता आम्ही जे सांगणार आहोत ते सगळं या वर केलेल्या मानेमुळं दिसलं.

आम्ही पोरगे होतो तेव्हा दिंडीत एक म्हातारे विणेकरी होते. त्यांचा एक नेम होता. कुठल्याही देवळात गेलं की आधी दर्शन. मग बाहेर येऊन एक प्रदक्षिणा अशी घालायची की देवाकडं नाही बघायचं, देवळाकडं बघायचं. वर, खाली, कोपऱ्यात, उंबऱ्यात. आणि रात्री मुक्कामाला भाकरी खाऊन झाली की विचारायचे, "काय रं, आज काय गावलं?" प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. दुसऱ्यानं सांगितलेली चालायची नाही. ज्याला काही गावलं नाही त्यानं सकाळी सगळ्यांच्या पडश्या उचलून द्यायच्या. पडश्या उचलायला लागू नयेत म्हणून आम्ही बघायला शिकलो. त्यात गोडी लागली ती आजतागायत सुटली नाही.

लांब कशाला, आपल्या तालुक्यातलंच बघा. महडचा वरदविनायक. 1725 साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी हे देऊळ बांधलं. आपण दरवर्षी जातो. आता खरं सांगा, देवळाच्या बाहेरच्या अंगाला चार बाजूंना दगडी हत्ती आहेत, ते किती जणांनी बघितले? हात वर करा. बघा, पोरांनीच हात वर केले. म्हाताऱ्यांचं लक्ष नंदादीपाकडं. तोही बघण्यासारखाच, 1892 पासून तेवतोय म्हणतात. पण पोरांची उंची आणि हत्तींची उंची जुळते, म्हणून हत्ती पोरांना भेटतात. गणपती स्वतः गजमुख, आणि देऊळ पाठीवर घेतल्यासारखे बाहेर पुन्हा हत्ती. कोणा पाथरवटाला हे सुचलं असेल तेव्हा तो मनात हसला असेल.

पुढं पालीला जा. बल्लाळेश्वराचं देऊळ आधी लाकडाचं होतं, मग नाना फडणविसांच्या काळात दगडाचं झालं. ते वरून बघितलं तर 'श्री' अक्षरासारखं दिसतं असं सांगतात. आता त्या काळी वरून बघणार कोण? ना विमान, ना ड्रोन. घार बघणार, नाहीतर देव बघणार. तरी बांधणाऱ्यानं ते केलं. माणसाला दिसणार नाही तिथंही काम नीट करायचं, ही कारागिराची भक्ती. दगडाच्या सांध्यांत शिसं ओतून ते देऊळ पक्कं केलेलं आहे. तेही बाहेरून दिसत नाही.

आणि त्याच पालीला एक घंटा आहे. ती घंटा चिमाजीअप्पांनी वसईकडून आणली. मंडळी, आमच्या सगळ्या गमतींत ही घंटांची गंमत आम्हाला जास्त आवडते. 1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या गिरजाघरांतल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून हत्तीवर, गाड्यावर घालून देशभर नेल्या आणि देवळांतून टांगल्या. आम्ही खांडसवरून शिडी घाटानं भीमाशंकरला चढतो, तिथं एक आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याजवळ, कृष्णेच्या घाटावर एक आहे. ती आम्ही हात लावून बघितली. तिच्यावर 1707 साल आहे, आणि मरीआई आपल्या लेकराला कडेवर घेऊन उभी आहे.

आमच्यातला एक जण तेव्हा म्हणाला, "बुवा, ही तर त्यांची देवी. आपल्या देवळात कशी?" विणेकरी बाबा म्हणाले, "तुला काय दिसतं?" तो म्हणाला, "बाई हाय. कडेवर पोर हाय." बाबा म्हणाले, "मग यशोदा म्हण आन् घंटा वाजव." एवढंच बोलले. घंटा लढाईत आली, पण आल्यावर तिला कोणी वितळवलं नाही, तिच्यावरची आई कोणी कानशीनं घासून काढली नाही. पेशव्यांच्या माणसांना ते चित्र दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी ठेवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आम्हाला लागणार आहे.

मेणवलीला गेलो तसे वाईलाही गेलो. तिथं कृष्णेच्या काठावर ढोल्या गणपती. 1762 च्या सुमाराला रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. सगळे पुढून जातात, गणपतीचा तो केवढा आकार बघून थक्क होतात. तुम्ही मागं जा. मागची भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती, होडीच्या नाळेसारखी केलेली आहे. का? तर पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो. सरळ भिंत असती तर पाण्याचा मार थेट बसला असता. निमुळत्या भिंतीवर पाणी फाटतं, दोन्ही बाजूंनी निघून जातं. शेतकऱ्याला हे लगेच कळतं. ओहोळाच्या तोंडाला बांध घालताना आपण आडवा घालत नाही, तिरका घालतो. बघणाऱ्याला ती गंमत वाटते, पण तिच्यामागं कोणाचा तरी अनुभव असतो, कोणाचं तरी वाहून गेलेलं शेत असतं.

आता घाट चढू. खोपोली सोडली की बोरघाट. घाटाच्या अलीकडं, राजमाचीच्या पायथ्याला, आपल्या कर्जत तालुक्यात कोंडाण्याची लेणी आहेत. पावसात त्यांच्या तोंडावर धबधबा पडतो, पोरं भिजायला जातात. पोरांनो, भिजा, पण भिजून झालं की जरा डोकं वर करा. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे. तिथल्या पाथरवटानं काय केलंय, दगडात लाकूड कोरलंय! कठडे, कमानी, सज्जे, सगळं सुतारकामासारखं. आधी घरं लाकडाची होती, दगड फोडणाऱ्याला घर म्हणजे लाकडाचंच माहीत. म्हणून डोंगर कोरतानाही त्यानं वाशांची टोकंसुद्धा कोरली. दगडाला वाशांची काय गरज? काही नाही. पण त्याशिवाय त्याला ते घर वाटेना.

आणि तिथं दाराच्या बाजूला एका मूर्तीचं फुटकं डोकं आहे, त्याच्याजवळ जुनी अक्षरं आहेत. आमच्याबरोबर एक मास्तर यायचे, त्यांनी अर्थ सांगितला. कान्हाचा शिष्य बालक, त्यानं हे केलं. बस्स, एवढंच. राजाचं नाव नाही, पदवी नाही. गुरूचं नाव आणि आपलं नाव. आम्हाला तर अंगावर काटा आला. दोन हजार वर्षं पाऊस खाऊन तो बालक अजून गुरूचं नाव सांगतोय. आपण कीर्तनाला उभे राहताना आधी गुरूचं नाव घेतो, त्यात आणि यात काय फरक आहे?

वर गेलं की कार्ला. एकवीरा आईला नवस फेडायला आपण सगळे जातो. शेजारचं लेणं मात्र 'ते काय, गुंफा' म्हणून सोडून देतो. आत जाऊन बघा. 124 फूट लांब, 45 फूट रुंद, एकसंध डोंगरातून काढलेलं. छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. खऱ्या लाकडाच्या, आणि त्या काळच्या. आपल्या घरचं लाकूड वाळवी वीस वर्षांत खाते, आणि ते दोन हजार वर्षं टिकलं. कशानं? कोरडं राहिलं, आणि कोणी हात लावला नाही, म्हणून. तिथल्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. कोण कुठले यवन, परदेशातून व्यापाराला आलेले, त्यांनी खांब दिले. आणि दाराच्या कामावर एका सुताराचं नाव आहे. सामी त्याचं नाव, वेणुवासाचा मुलगा. अरे, सुताराचं नाव! व्यापाऱ्याच्या पंगतीला सुतार बसलाय.

नावांचं निघालं म्हणून सांगतो. रायगडावर जगदीश्वराच्या देवळात गेला असाल. एवढा गड उभा केला हिरोजी इंदुलकरांनी. त्यांनी आपलं नाव कुठं लावलं? पायरीवर. सेवेला तत्पर, असं स्वतःबद्दल लिहून पायरीवर ठेवलं, की महाराज दर्शनाला येतील त्यांची पायधूळ लागावी. आणि हे कोणापासून शिकले? आमच्या मते नामदेवरायांपासून. महाद्वारातली नामदेवाची पायरी. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवराय पायरीशी राहिले. हिरोजींनी हे तिथून घेतलं की नाही ते इतिहासवाल्यांनी सांगावं. आम्ही वारकरी, आम्हाला दोन पायऱ्या दिसल्या की आम्ही त्या जोडतो.

पंढरपूरचीही एक गंमत सांगितली पाहिजे. देवळात चौऱ्यांशीचा लेख म्हणून एक शिळा आहे. जुने वारकरी त्या शिळेला पाठ घासायचे. का? तर चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. आमच्या आज्यानं घासली, बापानं घासली. इतक्या पाठी घासल्या गेल्या की दगड गुळगुळीत झाला, अक्षरं झिजली. मग जाणत्यांनी वाचून सांगितलं की तो यादवांच्या काळातला लेख आहे, शके 1195 ते 1199 मधला, रामदेवराव यादव आणि हेमाडपंत यांच्या वेळचा. त्यात लिहिलंय काय? देवळाच्या कामाला कोणी किती दिलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणीची यादी! ज्याला पाठ घासून लोक मोक्ष मागत होते ते पावतीपुस्तक निघालं.

ऐकल्यावर आम्ही मुक्कामाला पोट धरून हसलो. पण विणेकरी बाबा हसले नाहीत. म्हणाले, "ज्यांनी देवाच्या दाराला दिलं त्यांच्या नावाला पाठ लावली, वाईट काय झालं?" तेव्हापासून आम्ही ही गोष्ट हसत सांगतो, पण शेवटी हात जोडतो.

आता मंडळी, जड भाग.

आपल्या या देवळाची दाराची चौकट तुम्ही जन्मापासून बघताय. सागवानी चौकट, चॉकलेटी ऑईलपेंट मारलेली. वरच्या गणेशपट्टीला मधोमध गणपती. पट्टीच्या डाव्या टोकाला तुळशीवृंदावन. आणि उजव्या टोकाला? काही नाही. सपाट. चाळीस वर्षं तुम्ही ते सपाट बघितलं. कोणी विचारलं नाही, की इकडं वृंदावन आहे तर तिकडं काही का नाही? कारागीर एका बाजूला कोरील आणि दुसरी बाजू मोकळी सोडील, असं होतं का?

तिकडं होतं. खेकडा होता. आपण मुठा म्हणतो तो, भातखाचरातला. दोन नांग्या वर केलेला, टाळ धरल्यासारखा.

आणि तो बुजवला आम्ही. आमच्या या हातांनी.

आम्हाला तेव्हा नुकतीच माळ घातली होती. पंचविशीचं वय, आणि नव्या माळकऱ्याला ताप फार असतो. देवळाला रंग काढायचा होता. आम्हीच उभे राहून म्हटलं, माळकऱ्यांच्या देवळात खेकडा कशाला? आपण मच्छी-मटण सोडलं, आणि दारावर हे काय कालवणाचं! बाहेरगावचा वारकरी बघून काय म्हणेल? दोघाचौघांनी मान डोलावली. एक म्हातारा म्हणाला, "राहू दे रं, जुनं हाय." आम्ही त्याला गप्प केलं. खेकड्याच्या खाचांत लांबी भरली, वरून पॉलिश पेपर मारला, दोन हात ऑईलपेंट दिला. सपाट. आम्ही मागं सरून बघितलं आणि आम्हाला वाटलं, देऊळ शुद्ध झालं.

विणेकरी बाबा त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले होते. देवळात आले नाहीत. आले असते तर विचारलं असतं, "आज काय गावलं?" आणि आम्ही काय सांगितलं असतं?

यंदा शंभरावं वर्ष म्हणून देवळाचा जीर्णोद्धार ठरला. पावसाळ्याआधी चौकट उतरवली. आडवी ठेवली तेव्हा आमच्या मनात ती जुनी खुटखुट पुन्हा उठली. एका संध्याकाळी लाईट गेली होती. आम्ही एकटेच मंडपात बसलो होतो. अंधारात पट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं. रंगाला जिथं भेग पडली होती तिथं लांबी सुटून आली, आणि बोटाखाली एक नांगी लागली. डोळ्यांनी जे चाळीस वर्षं सपाट बघितलं ते बोटाला सपाट नव्हतं.

नरहरी सोनारांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. विठ्ठलाचं तोंड बघणार नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून करगोट्याचं माप घ्यायला गेले. हाताला काय लागलं? महादेव. पट्टी काढली तर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा महादेव. नरहरी महाराज केवढे, आम्ही केवढे. त्यांच्या हाताला देव लागला, आमच्या हाताला आमची चूक लागली. पण लागली ती हातालाच.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन बसलो. काचेच्या तुकड्यानं, सुईनं, दाभणानं हळूहळू खरवडलं. चार दिवस लागले. एक मागचा पाय तुटलेला आहे, तो आमच्याच हातून तेव्हा तुटला असेल. बाकी खेकडा जसा होता तसा आहे. पाठीवर वाकसाची नाही, बारीक पटाशीची खूण आहे. डोळे वर आलेले. नातू म्हणाला, "आजोबा, हा हसतोय."

मग आम्ही ज्या सुतारानं चौकट केली त्याच्या घरी गेलो. त्याची नात आहे, आता नव्वदीला टेकली. नजर गेली, पण आठवण साफ आहे. आम्ही म्हटलं, "आक्का, तुमच्या आजानं दारावर मुठा का वं कोरला?" ती हसली. म्हणाली, "बुवा, कोणी इचारलंच नाय कधी." मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो.

"आजा म्हणायचा, आषाढीला सारी दुनिया पंढरीला जाते. आमचा पाय चिखलात. पहिला पाऊस पडला का तिकडं पालखी निघते, आन् हिकडं मुठा बिळातनं निघतो. आषाढात आमच्यासंगं रानात कोण? ह्यो. जे गेले ते गेले, जे बांधावर राह्यले त्यांची काय तरी खूण देवाच्या दारात नको का?"

मंडळी, आम्ही तिथं ओसरीवर बसून रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

तो खेकडा कालवणाचा नव्हता. तो आपला होता. जो बांध फोडतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, आणि कणगी रिकामी झालेल्या आषाढात ज्यानं आपल्या आज्या-पणज्यांची पोरं जगवली, तो. वृंदावन म्हणजे पंढरीला गेलेला वारकरी. खेकडा म्हणजे चिखलात राहिलेला वारकरी. मधे गणपती. त्या सुतारानं एका पट्टीवर आख्ख्या गावाची वारी कोरली होती, आणि आम्ही माळ घालून त्यातला अर्धा गाव लांबीनं बुजवला.

आणि विठोबाच्या कानांत काय आहे हो? मासे! मकरकुंडलं म्हणा, पण आपले जुने लोक गोष्ट सांगतात की एक कोळी दर्शनाला आला, त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, त्यानं मासे दिले. देवानं फेकले नाहीत, कानात घातले. आम्ही ही गोष्ट कीर्तनात किती वेळा सांगितली! लोकांना हसवलं, डोळ्यांत पाणी आणलं. आणि आमच्याच देवळाच्या दारावर एक सुतार आपला खेकडा घेऊन उभा होता, त्याला आम्ही आत येऊ दिलं नाही. देवानं कोळ्याला जे केलं नाही ते आम्ही सुताराला केलं.

आता मुद्द्याचं बोलतो. नव्या देवळाच्या नकाशात मार्बलची चौकट आहे. पांढरी, चकचकीत. जुन्या चौकटीला मुंबईचा एक माणूस गिऱ्हाईक आलाय. जुनी दारं, जुने खांब घेऊन तो बंगल्यांना विकतो. किंमत चांगली देतो, त्या पैशात फरशीचं काम निघेल. कमिटीतली माणसं वाईट नाहीत. देवाचं काम पुरं व्हावं म्हणून त्यांचा जीव तुटतो, दारोदार फिरून त्यांनी वर्गणी केली आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. खेकडा बुजवणाऱ्यानं कोणाला दोष द्यावा?

फक्त एक सांगतो. 2024 साली पंढरपूरला देवळाच्या संवर्धनाचं काम निघालं. दर्शन काही दिवस लांबून ठेवलं, आणि काम काय केलं? नंतरच्या लोकांनी भक्तीनं बसवलेल्या फरश्या काढल्या आणि आतला जुना दगड मोकळा केला. त्याच कामात कान्होपात्रेच्या देवळाजवळ जमिनीखाली तळघर सापडलं, त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. म्हणजे जिथं आपण माथा टेकायला जातो तिथं फरशी काढून दगड उघडा केला, आणि आपण दगड-लाकूड काढून फरशी बसवतोय. आपण वारीला जाऊन नक्की काय बघून आलो?

आमचं मागणं फार नाही. देऊळ नवं होऊ दे. भिंती पक्क्या होऊ देत, पावसात गळायला नको. पण चौकट तीच राहू दे. उंबऱ्याचं लाकूड खालून कुजलंय, तेवढं नवं घालता येतं, आम्ही सुताराला दाखवलंय. पुन्हा ऑईलपेंट नको. रंग खरवडून जवसाचं तेल द्यायचं, वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. ते काम आमच्याकडं द्या. हात चालतात तोवर आम्ही करू, नंतर नातू करील. आणि फरशीला जे पैसे कमी पडतील त्यातला आमचा वाटा आम्ही यंदाच्या भातातून देऊ. यादीत नाव घालायची गरज नाही. घालायचंच असेल तर पायरीवर घाला.

एक जण परवा म्हणाला, "बुवा, तुमचं मन खातंय म्हणून तुम्ही गावाला थांबवताय." खरं आहे. मन खातंय. पण आमचं मन खातंय म्हणून खेकडा खोटा होत नाही. गिरजाघराच्या घंटेवरची आई आपल्या लोकांनी राखली, ती तर परक्याची होती. हा तर आपल्या घरचा आहे.

रविवारी बैठक आहे. काय ठरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. आम्हाला कबूल असेल. पण त्याआधी एक करा. आता आरती होईल, प्रसाद होईल. पांगायच्या आधी मंडपाच्या मागं जा. तिथं दोन बाकड्यांवर चौकट ठेवली आहे, वरची ताडपत्री काढून ठेवायला सांगितलं आहे. ज्यांना वाटतं विकावी त्यांनी आधी जा. लाईट बंद करून, डोळे मिटून उजव्या टोकावरून बोट फिरवा. तुटलेला पायही लागेल. मग बैठकीला या.

आणि पोरांनो, पुढच्या माघीला आपल्याबरोबर चला. रात्री मुक्कामाला आम्ही विचारणार आहोत, आज काय गावलं? ज्याला नाही गावलं त्यानं आमची पडशी उचलायची.

बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या.

रामकृष्ण हरी.